स्नेहसंमेलनात राठवा पोशाख आणायचा असेल तर

दिवाळीची सुट्टी संपून बडोद्यातील शाळांच्या आणि मराठी मंडळांच्या स्नेहसंमेलनांचे वारे वाहू लागले, की ड्रेपरीवाल्याकडे एक मागणी ठरलेली असते, ती म्हणजे आदिवासी नाचाच्या बारा सेटची. दुकानदार काहीही न विचारता बारा सेट काढून देतो. त्यात बिबट्याच्या ठिपक्यांचे कापड, हिरव्या रेक्झिनची पाने शिवलेला घागरा, रंगवलेल्या पिसांची कपाळपट्टी आणि प्लास्टिकचे भाले असतात. बडोद्याच्या आसपास पिढ्यान्पिढ्या राहत आलेल्या एकाही समाजाचा हा पोशाख नाही. मीही दोन वर्षे हेच सेट मुलांना घातले. दुसऱ्या वर्षी मुलांच्या तोंडाला काळा रंग लावता लावता मी शाळेत काम करणाऱ्या एका मावशींकडे सेफ्टी पिना मागितल्या. त्यांनी पिना दिल्या, पानांच्या घागऱ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि हे कुठले लोक आहेत, असे अगदी सहज विचारले. मला उत्तर देता आले नाही. मावशी छोटा उदेपूरकडच्या होत्या आणि स्वतः राठवा होत्या.

पुढे सांगितलेली पद्धत त्यानंतरच्या वर्षांत, काही चुका करत आणि काही सुधारत, जमवलेली आहे. ती राठवा समाजाच्या पोशाखाविषयी आहे, कारण बडोदेकरांना सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी ओळखीचा असा हा शेजारी समाज आहे.

प्रथम नाव आणि गाव

कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ असे लिहिले, की पुढच्या सगळ्या चुकांना वाट मोकळी होते. म्हणून कापडाच्या आधी नाव ठरवावे. छोटा उदेपूर हा जिल्हा १५ ऑगस्ट २०१३ रोजी वडोदरा जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणजे तोपर्यंत तिथली माणसे आपल्याच जिल्ह्यातली होती. ज्या संखेड्याचे लाखेचे झोपाळे आणि पाळणे आपल्या घरांत दोन-तीन पिढ्या वापरले जातात, ते संखेडाही आज त्याच जिल्ह्यात आहे. मात्र संखेड्याच्या पुढे बोडेली, पावी जेतपूर, कवांट असा रस्ता जातो, हे आपल्यातल्या अनेकांनी नकाशावरसुद्धा पाहिलेले नसते. या भागात राठवा आहेत, नायक आहेत, डुंगरी भिल आहेत, धाणका आणि तडवी आहेत. बाहेरच्याला त्यांचे पोशाख सारखे भासले, तरी त्या समाजांना ते सारखे वाटत नाहीत, आणि एका समाजाचा घागरा, दुसऱ्याचे दागिने आणि तिसऱ्याचा फेटा एकत्र करून उभा केलेला नर्तक त्यांच्यापैकी कोणालाच आपला वाटत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा मोरपिसांवरून होतो. गुजरातमधील सिद्दी समाजाच्या धमाल नृत्यात नर्तक मोरपिसे लेवून येतात, तर राठव्यांच्या घेर नृत्यात काही पुरुषांच्या उंच शिरोभूषणात मोरपिसे असतात. ड्रेपरीच्या दुकानात दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, राठवा समाज अलीराजपूर आणि छोटा उदेपूर यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातला. दोघांना जोडणारे काही असेलच तर ते दुकानदाराचे गाठोडे. दुसरा घोटाळा खास आपला, मराठी माणसांचा आहे. आदिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वारली येतात आणि त्यामुळे राठवा पोशाखातल्या मुलांच्या मागे गेरूवर पांढऱ्या रेघांनी काढलेली वारली चित्रे टांगली जातात. वारली हा पालघर, डहाणू, तलासरी, उंबरगाव या बाजूचा समाज आहे आणि राठव्यांच्या भिंतीवरचा पिठोरा, म्हणजे नवसाचे चित्र, रंगांनी गच्च भरलेला, घोड्यांच्या रांगांचा असतो. निवेदकाने तर आणखी एक काळजी घ्यावी: आडनाव राठवा आहे, राठोड नाही. ही चूक माइकवरून झालेली मी तीनदा ऐकली आहे.

यात आपल्याला काय इतके लागून राहिले आहे, असे कोणास वाटले, तर त्याने शहरातील एखाद्या गुजराती शाळेच्या ‘भारत दर्शन’ कार्यक्रमात महाराष्ट्राची पाळी येईपर्यंत बसावे. महाराष्ट्र म्हणून मंचावर कोळी येतात. मुलांच्या कमरेला लाल रुमाल, डोक्यावर टोपी, हातात होडीचे वल्हे. दांडिया बाजारात जन्मलेल्या, गायकवाडांच्या नोकरीसाठी आलेल्या घराण्यातल्या, आयुष्यात एकदाही होडीत न बसलेल्या आजी हे कौतुकाने पाहतात आणि घरी जाताना रिक्षात पुटपुटतात. त्या आजींच्या कपाटातले नऊवारी लुगडे आणि मंचावरचे शिवलेले, चेन लावलेले नऊवारी यांच्यातला फरक त्यांना शब्दांत सांगावा लागत नाही. राठवा पोशाखाकडे आपण त्याच आजींच्या नजरेने पाहायला शिकलो, तर निम्मे काम झाले.

पाहणे आणि विचारणे

शिवणकाम सुरू करण्याआधी किमान एकदा तरी पोशाख माणसांच्या अंगावर पाहावा. प्रतापनगर स्थानकावरून डभोई, बोडेलीमार्गे छोटा उदेपूरला रेल्वे जाते, एस.टी. आणि जीपही मिळतात. छोटा उदेपूरचा हाट शनिवारी भरतो आणि कवांटचा सोमवारी. हाटात गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तिथे बहुतेक तरुण पँट-शर्टात असतात, मुली पंजाबी ड्रेसमध्ये असतात आणि घागरा, ओढणी, चांदी हे मध्यम वयाच्या आणि वृद्ध स्त्रियांच्या अंगावर दिसते. पुष्कळ पाहुणे इथे निराश होतात आणि ‘खरे आदिवासी’ पाहायला आणखी आत कुठे जावे लागेल, असे विचारू लागतात. असे विचारू नये. समोर जे चालले आहे तेच खरे आहे, आणि त्या पँट-शर्टातल्या मुलाच्या ओळखीचा प्रश्न किती गंभीर आहे, याकडे मी पुढे येणार आहे.

तेजगढ येथील आदिवासी अकादमी पाहण्यासाठी मात्र एक पूर्ण दिवस ठेवावा. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांनी बडोद्यात १९९६ साली स्थापन केलेल्या भाषा संशोधन आणि प्रकाशन केंद्राने ती उभी केली. तिथल्या ‘वाचा’ या संग्रहालयात वस्तू, वाद्ये, दागिने, चित्रे पाहता येतात. तिथे गेल्यावर वहीत नोंदी करण्याची सवय लावावी, कारण फोनमध्ये काढलेल्या छायाचित्रांत वस्तू दिसते, तिचे नाव दिसत नाही. माझ्या वहीत प्रत्येक पानाचे चार भाग असतात: वस्तूचे नाव त्यांच्या बोलीत, ती कोण वापरते, केव्हा वापरते आणि ही माहिती कोणाकडून मिळाली. राठवी बोली भिल्ली गटातली आहे आणि गुजरातीवर हात बसलेल्या बडोदेकर मराठी माणसाला ती निम्मी तरी कळते. परंतु कळते म्हणून आपणच अर्थ लावून नाव लिहू नये. हांसडी म्हणजे आपली हासळी, कंदोरो म्हणजे कमरेचा साखळीपट्टा, हे जमते. मात्र पायातल्या आणि हातातल्या कड्यांची नावे जाडीवर, घडणीवर आणि वापरणाऱ्या वयावर बदलतात, आणि ती विचारूनच लिहावी लागतात.

प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल, तर विचारायला माणसे बडोद्यातच आहेत. बांधकामावर, वसतिगृहांत, कचेऱ्यांत, महाविद्यालयांत आणि पुष्कळदा आपल्याच शाळेच्या कर्मचाऱ्यांत राठवा असतात. येथे काळवेळेचे भान ठेवावे. पावसाळी पिके निघाली, की त्या पट्ट्यातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी सौराष्ट्रात आणि शहरांत जातात आणि होळीच्या सुमारास घरी परततात. जानेवारीच्या कार्यक्रमासाठी डिसेंबरमध्ये गावात माणूस शोधायला निघालात, तर ज्यांना सर्वांत जास्त माहिती आहे तीच माणसे गावात नसण्याची शक्यता मोठी. म्हणून विचारपूस पावसाळ्यातच, फार तर नवरात्रापूर्वी सुरू करावी. विचारण्याची पद्धतही साधी असावी. ‘तुमचा पोशाख आम्हांला घालायचा आहे’ असे सांगून सुरुवात करण्यापेक्षा ‘आमच्या मुलांनी तुमचा नाच करावा का, आणि केला तर काय घालावे’ असे विचारावे, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर कार्यक्रम बदलावा. एका वर्षी आम्ही बदलला. मुलांनी त्या जागी दिंडी केली आणि कोणाचेही काही बिघडले नाही.

काय घालावे आणि काय घालू नये

राठवा पोशाखाचे ढोबळमानाने तीन थर पडतात: रोजचे कपडे, जत्रेचे आणि लग्नाचे कपडे, आणि नवसाचा वेश. मंचावर पहिले दोन यावेत. तिसरा येऊ नये, आणि नेमका तिसराच सर्वांत आकर्षक असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

होळीच्या आधीच्या आठवड्यात छोटा उदेपूरच्या पट्ट्यात भंगोरियाचे हाट भरतात आणि होळीनंतर कवांटला घेरचा मोठा मेळा भरतो. वर्तमानपत्रांत छापून येणारी छायाचित्रे या मेळ्यातली असतात. त्यांत अंगभर पांढरे ठिपके काढलेले, कमरेला मोठमोठ्या घुंगरांचे पट्टे किंवा वाळवलेले दुधी भोपळे बांधलेले, डोक्यावर बांबूच्या काड्यांचे आणि मोरपिसांचे उंच शिरोभूषण घातलेले पुरुष दिसतात. त्यांना घेरैया म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांनी नवस बोललेला असतो. कोणाचे आजारपण बरे झालेले असते, कोणाला मूल झालेले असते, आणि त्या दिवसांत ते नेम पाळून गावोगाव नाचत फिरतात. म्हणजे तो वेश त्या माणसाने देवाशी केलेल्या बोलीचा भाग असतो. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याच्या गळ्यातली माळ शोभेची म्हणून कोणी आपल्या मुलाच्या गळ्यात घालून नाचवली, तर आपल्याला जे वाटेल, ते येथे आठवावे. ठिपके काढणे सोपे असते, मुलांना त्याची गंमत वाटते, पालकांचे फोटो छान येतात, आणि म्हणूनच ते टाळण्याचा निर्णय तालमीच्या पहिल्या दिवशीच जाहीर करावा. रंगीत तालमीच्या दिवशी केलेली मनाई कोणी ऐकत नाही. घेर मंचावर हवीच असेल, तर ती करणारे राठवा कलावंत बोलवावेत आणि त्यांनी काय घालावे हे त्यांच्यावर सोडावे.

त्वचेला काळा किंवा तपकिरी रंग लावणे हे तर कोणत्याही थरात बसत नाही. बडोद्यातल्या मुलांचा रंग आणि छोटा उदेपूरमधल्या मुलांचा रंग यांत असा काही फरक नाही, की ज्यासाठी डबी उघडावी.

आता जत्रेच्या कपड्यांकडे वळू. स्त्रियांचा घेरदार घागरा, पोलके आणि ओढणी. पुरुषांचे आखूड धोतर, सदरा आणि फेटा. मेळ्यात सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती एकसारखेपणाची प्रथा. एका कुटुंबातल्या, एका फळियातल्या, म्हणजे वाडीतल्या, किंवा मैत्रिणींच्या एका गटातल्या मुली एकाच कापडाचे, एकाच रंगाचे कपडे करून येतात आणि हात गुंफून चालतात. लांबून रंगाचा एक पट्टा हालतो आहे असे दिसते आणि त्या रंगावरून अमुक वाडीच्या मुली आल्या, हे ओळखीच्या माणसांना कळते. समूहनृत्यासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे. बारा मुलींना बारा रंग देऊन ‘रंगीबेरंगी’ करण्याचा मोह टाळावा आणि बाराही जणींचे कापड एकाच ताग्यातून घ्यावे. दोन गट असतील, तर दोन तागे. हे कापड मंगळबाजारात शोधत बसण्यापेक्षा हाटातल्या कापडवाल्याकडून घेतलेले बरे, कारण तिथे कोणत्या छापाला कोण हात घालते, हे समोर दिसते आणि त्या वर्षी काय चालले आहे, तेही कळते. होय, त्या वर्षी काय चालले आहे. जत्रेची फॅशन दरवर्षी बदलते. चकाकणारी लेस येते, कृत्रिम धाग्याचे कापड येते, मुलगे भडक फेट्याखाली काळे गॉगल लावतात. आमच्या एका सहकाऱ्यांनी गॉगल ‘अस्सल नाही’ म्हणून काढून टाकायला लावले होते. मेळ्यात सर्वांत दिमाखाने मिरवली जाणारी वस्तू तीच होती.

शिवताना नवरात्रातल्या चनिया-चोळीचा नमुना वापरू नये. बडोद्यातला प्रत्येक शिंपी घागरा म्हटले, की आरसे, कवड्या आणि उघडी पाठ असलेली चोळी याच वाटेने जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण त्याच्याकडे वर्षभर तेच काम येते. त्याला हाटातून आणलेला एक तयार घागरा आणि एक पोलके नमुन्यादाखल द्यावे. पोलके अंगभर असते आणि ओढणी कशी खोचायची, हे पाहिल्याशिवाय जमत नाही. त्यासाठी जाणत्या स्त्रीला एका तालमीला बोलवावे. तिला येण्याजाण्याचे भाडे आणि दिवसाच्या मजुरीइतके तरी मानधन द्यावे. आपण नृत्यशिक्षकाला देतो, ड्रेपरीवाल्याला देतो, साउंडवाल्याला तर आगाऊ देतो. जिच्याकडून मूळ विद्या घेतली तिला मात्र चहा-बिस्किटांवर परत पाठवतो, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

दागिन्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. राठवा घरांत चांदी ही लेण्याइतकीच साठवण असते. चांगल्या पिकाच्या वर्षी ती घेतली जाते, आणि आजारपण, लग्न किंवा नापिकी आली, की गहाण पडते. त्यामुळे एखाद्या बाईच्या गळ्यातली जड हांसडी दोन दिवसांसाठी मागणे म्हणजे तिचे बँकेचे पुस्तक मागण्यासारखे आहे. शहरातल्या सराफाकडे मोडीत आलेले जुने दागिने ‘ट्रायबल’ म्हणून विकायला असतात. कार्यक्रमासाठी तेही घेऊ नयेत, कारण त्यांतले पुष्कळसे अडचणीच्या वर्षांतच बाजारात आलेले असतात. हाटात पांढऱ्या धातूचे हुबेहूब दागिने आणि मण्यांच्या माळा मिळतात, त्या भागातल्या मुलीही हल्ली त्याच घेतात, आणि मुलांच्या गळ्यांना त्या हलक्या पडतात. जड कडी लहान मुलांच्या पायात घालू नयेत, घोटे सोलवटतात. गोंदण स्केचपेनने काढू नये, कारण प्रत्येक खुणेला जागा आणि अर्थ असतो आणि चुकीच्या जागी काढलेली खूण जाणत्याला लगेच खटकते.

तीर-कामठे हातात द्यायचे असल्यास टोक नसलेले बाण द्यावेत. धारियुं, म्हणजे लांब दांड्याचा कोयता, मंचावर नकोच.

कागदावरची ओळख

पोशाखाविषयीच्या मार्गदर्शनात कागदपत्रांचा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु निवेदनात काय बोलावे आणि काय बोलू नये, हे याच भागावर अवलंबून आहे.

गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत राठवा हे नाव आहे. तरीही जुन्या महसुली दप्तरांत आणि शाळेच्या दाखल्यांत या कुटुंबांची नोंद कुठे ‘राठवा-कोळी’, कुठे नुसती ‘कोळी’ तर कुठे ‘हिंदू राठवा’ अशी झाली. लिहिणारा तलाठी किंवा मास्तर बाहेरचा होता, आणि त्याला जे सुचले ते त्याने लिहिले. पुढे जातीच्या दाखल्यांची छाननी होऊ लागल्यावर याच नोंदींवरून अनेकांच्या आदिवासी असण्यावर शंका घेतल्या गेल्या. नोकऱ्या आणि प्रवेश अडकले, आणि छोटा उदेपूरमध्ये त्याविरुद्ध मोर्चे निघाले.

दाखल्यांची पडताळणी कशी व्हावी, याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली कुमारी माधुरी पाटील यांच्या प्रकरणात घालून दिली. ते प्रकरण महाराष्ट्रातले, महादेव कोळी जमातीच्या दाव्याचे होते, म्हणून मराठी वाचकांपैकी काहींना ते आठवत असेल. त्या पद्धतीत अर्जदाराच्या समाजाची देवदैवते, विधी, चालीरीती, लग्नाची आणि अंत्यसंस्काराची रीत यांची चौकशी येते. तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहरात वाढलेल्या, वसतिगृहात शिकलेल्या मुलाने अधिकाऱ्यासमोर बसून आपल्या रीतींची परीक्षा द्यायची, असे तिचे स्वरूप व्यवहारात होत गेले. अखेर मार्च २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती अनिवार्यही नाही, असे स्पष्ट केले. स्थलांतर, शिक्षण आणि इतरांशी आलेला संपर्क यांमुळे जुन्या खुणा पुसट होऊ शकतात, हे न्यायालयाने मान्य केले.

आता आपले निवेदन आठवावे. ‘आजही हे लोक आपला हा पारंपरिक वेश परिधान करतात’ असे वाक्य आपण टाळ्यांसाठी उच्चारतो. प्रेक्षकांत बसलेला, जीन्स घातलेला, अभियांत्रिकी शिकणारा राठवा मुलगा ते ऐकतो, आणि ज्याच्या अंगावर हा वेश नाही तो राठवा कसा, हा जो प्रश्न त्याला कचेरीच्या टेबलावर विचारला जाऊ शकतो, तोच प्रश्न आपल्या सभागृहानेही त्याला विचारलेला असतो. तोच मुलगा ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, फेटा बांधून, गळ्यात माळा घालून, ढोलाच्या मागे चालताना दिसेल. आपण पाडव्याच्या शोभायात्रेला फेटा बांधतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला शर्टात जातो, त्याविषयी कोणी आपल्याला बनावट म्हणत नाही. निवेदन म्हणून दोन वाक्ये पुरतात: हा छोटा उदेपूर जिल्ह्यातील राठवा समाजाच्या जत्रेच्या पोशाखावरून मंचासाठी तयार केलेला पोशाख आहे, तो आम्हांला अमुक भागातील अमुक व्यक्तींनी शिकवला. व्यक्तीचे नाव तिला विचारूनच घ्यावे. काहींना ते आवडते, काहींना गावात चर्चा नको असते. ‘भोळेभाबडे’, ‘निसर्गाची लेकरे’, ‘जंगलचे राजे’ ही सगळी विशेषणे निवेदकाच्या कागदावरून आधीच खोडून टाकावीत. निवेदक हौशी असेल, तर तो कागद मंचावर जाण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासावा.

पडदा, गाणे आणि परतफेड

मागच्या पडद्यावर पिठोरा रंगवण्याची कल्पना प्रत्येक चित्रकला-शिक्षकाला सुचते. राठवा घरात पिठोरा हा देव आहे. नवस फेडण्यासाठी, बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या भगताच्या, देखरेखीखाली, लखारा, म्हणजे पिठोरा काढणारा चित्रकार, तो घराच्या भिंतीवर लिहितो, आणि तो चुकला तर दुरुस्त करून घ्यावा लागतो. म्हणून शाळेतल्या मुलांनी पोस्टर कलरने घोडे काढून पिठोरा म्हणू नये. याच समाजातील कलावंत विक्रीसाठी कापडावर आणि कागदावरही पिठोरा शैलीत चित्रे करतात. छोटा उदेपूरचे परेश राठवा यांना या कलेसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा कलावंताकडून एक चित्र विकत घ्यावे, ते प्रवेशद्वाराशी नीट लावावे, खाली चित्रकाराचे नाव लिहावे आणि मंचाचा पडदा साधा, एका रंगाचा ठेवावा. एका ताग्यातले बारा घागरे साध्या पडद्यापुढेच उठून दिसतात.

गाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चित्रपटातले ‘झिंगालाला’ पद्धतीचे काहीही नको. ढोल आणि पावा वाजवणारे मिळाले तर उत्तमच, न मिळाल्यास ज्या बाईंनी पोशाख शिकवला त्यांच्याकडूनच एखादे जत्रेचे गाणे परवानगीने ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि त्याचा अर्थ मुलांना नाचण्यापूर्वी समजावून सांगावा. अर्थ कळल्यावर मुलांचे हातवारे आपोआप निम्मे होतात, असा माझा अनुभव आहे.

कार्यक्रम संपल्यावर उसने आणलेले सर्व काही यादीप्रमाणे मोजून घ्यावे. रात्री ग्रीनरूममध्येच, दुसऱ्या दिवसावर न टाकता. मण्यांच्या माळा चापट डब्यात ठेवाव्यात, पिशवीत कोंबू नयेत. घागरे पहिल्यांदा एकेकटे, थंड पाण्यात धुवावेत, कारण हाटातल्या कापडाचा रंग पहिल्या दोन धुण्यांत चांगलाच सुटतो. आमच्या एका पालकांनी बारा घागरे पांढऱ्या सदऱ्यांसह एकत्र मशीनला लावले आणि पुढच्या वर्षीच्या दिंडीत आमचे वारकरी फिकट गुलाबी होते. छायाचित्रांच्या छापील प्रती काढून, आपण वॉट्सॲपवर आधीच पाठवल्या असल्या तरी, ज्यांनी शिकवले त्यांच्या हातात नेऊन द्याव्यात, आणि त्यासाठी शनिवार गाठावा, म्हणजे हाटात सगळ्यांची एकदमच गाठ पडते आणि पुढच्या वर्षीचा तागाही तेव्हाच पाहून ठेवता येतो.